काळा धूर यंत्राला कमी का दिसतो? प्रकाशाने काजळी मोजण्याची गोष्ट, गोंदियाच्या निमित्ताने

खरिपाचा धान निघाला की गोंदिया जिल्ह्यातल्या राईस मिलना उसंत नसते. उष्णा तांदूळ करायचा तर धान आधी वाफवावा लागतो. वाफेसाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरमध्ये बहुतेकदा धानाचंच तूस जळतं. या बॉयलरच्या चिमणीतून कधी पांढुरका धूर निघतो, तर कधी काळा. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो काळा धूर वाईट असंच सांगेल.

आता हाच प्रश्न लेझरवर चालणाऱ्या, काही हजार रुपयांत मिळणाऱ्या हवा मोजण्याच्या यंत्राला विचारून बघा. दोन्ही धुरांतल्या कणांचं वजन अगदी सारखं असलं तरी हे यंत्र पांढऱ्या धुरासाठी मोठा आकडा दाखवण्याची शक्यता जास्त आणि काळ्या धुरासाठी लहान.

यंत्रात बिघाड नसतो. ते ज्या पद्धतीने धूर 'बघतं', त्या पद्धतीचाच हा परिणाम आहे. गेल्या काही वर्षांत अशी यंत्रं घराघरांत, शाळांत, कार्यालयांत पोहोचली आहेत. मोबाईलवरच्या अनेक अॅपमध्ये दिसणारे हवेचे आकडेही काही प्रमाणात अशाच यंत्रांकडून येतात. त्यामुळे त्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे समजून घेणं गरजेचं आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यात तर जास्तच, कारण इथे धुराचे प्रकार अनेक आहेत: तुसाचे बॉयलर, लाकडाच्या चुली, मोहाच्या झाडाखाली पेटवलेला पालापाचोळा, उन्हाळ्यातले जंगलातले वणवे आणि तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प.

काजळी म्हणजे काय?

डोळ्यांत घालायचं काजळ पूर्वी घरी कसं करायचे, हे अनेकांनी पाहिलं असेल. तेलाच्या दिव्यावर ताटली किंवा वाटी उपडी धरायची आणि तिला चिकटलेला काळा थर खरवडून तुपात कालवायचा. तो काळा थर म्हणजेच काजळी. इंधन जळताना त्यातल्या कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बनचे अतिसूक्ष्म गोळे तयार होतात. दिव्याची ज्योत पिवळी दिसते तीही या तापलेल्या गोळ्यांमुळेच. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते, कारण तिथे काजळी जवळपास तयारच होत नाही. शेगडी पिवळी जळायला लागली की भांड्याचं बूड काळं होतं, ते यामुळेच.

काजळीचा एक सुटा गोळा साधारण १० ते ५० नॅनोमीटरचा असतो. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजाराहून जास्त गोळे शेजारी शेजारी मावतील. पण हे गोळे सुटे राहत नाहीत. ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या वेड्यावाकड्या साखळ्या किंवा झुबके तयार होतात. हवेत आल्यावर त्यांच्यावर धुरातले तेलकट पदार्थ, पाण्याची वाफ, सल्फेट यांचे थर चढतात. त्यामुळे चुलीतून नुकतीच निघालेली काजळी आणि दोन दिवस हवेत फिरून आलेली काजळी, या मोजणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी असतात.

काजळीतल्या शुद्ध काळ्या भागाला शास्त्रज्ञ 'ब्लॅक कार्बन' म्हणतात. तो हवेत काही दिवस ते फार तर काही आठवडे राहतो, पण तेवढ्या वेळात ऊन शोषून हवा तापवतो. आरोग्याचा प्रश्न तर आहेच. ज्या धुरात काजळी मुबलक असते, त्या डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

कवडशातली धूळ आणि बिडीचा निळा धूर

कौलारू घरात दुपारी छपराच्या फटीतून कवडसा येतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते. बाजूला, सावलीतही तेवढीच धूळ असते, पण ती दिसत नाही. कवडशातल्या कणांवर आपटलेला प्रकाश चहूबाजूंना फेकला जातो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून तिथले कण दिसतात. प्रकाश असा फेकला जाणं म्हणजे प्रकाशाचं विखुरणं. शाळेच्या पुस्तकात यालाच 'विकिरण' म्हटलेलं असतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८६० च्या दशकात लंडनमध्ये नेमका हाच प्रयोग नीट मांडला. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडायचा आणि हवेत तरंगणारे कण बघायचे. आजचं लेझर यंत्र म्हणजे त्याच कवडशाची छोटी, डबीत बसवलेली आवृत्ती.

सगळे कण प्रकाश सारखाच विखुरत नाहीत. तेंदूपत्त्याच्या आणि बिडीच्या या पट्ट्यात यासाठी वेगळं उदाहरण शोधायला नको. पेटत्या बिडीच्या टोकावरून सरळ वर जाणारा धूर निळसर दिसतो. तोच धूर ओढून तोंडातून सोडला की पांढरट दिसतो. टोकावरून निघालेले कण फारच लहान असतात आणि लहान कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरतात. तोंडातली ओल घेऊन कण फुगले की ते सगळे रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून पांढरे दिसतात. लहान कणांचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलं. कणाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असेल तर काय होतं, याचं जास्त गुंतागुंतीचं गणित जर्मनीच्या गुस्ताफ मी यांनी १९०८ मध्ये दिलं. धूर मोजणारी आजची बहुतेक यंत्रं या दोघांच्या सूत्रांवर उभी आहेत.

प्रकाश विखुरण्याचा विषय निघाला की आपल्याकडे सी. व्ही. रामन यांचं नाव येतंच. वित्त खात्यात नोकरी करत असताना १९१० च्या सुमारास ते काही काळ नागपूरलाही होते. पण त्यांना नोबेल मिळालं ते विखुरताना प्रकाशाचा रंग बदलतो, या शोधासाठी. धूर मोजण्याच्या यंत्रात रंग बदलण्याचा संबंध येत नाही. तिथे फक्त किती प्रकाश विखुरला, एवढंच बघतात.

डबीच्या आत काय असतं?

स्वस्त यंत्राच्या आत एक लहान पंखा, बहुतेकदा लाल रंगाचा लेझर आणि त्याच्याशी काटकोनात बसवलेला प्रकाश टिपणारा डायोड असतो. पंखा हवा ओढतो, हवेतले कण लेझरसमोरून जातात आणि विखुरलेला प्रकाश डायोडवर पडतो. त्याचा विजेचा संकेत होतो आणि आतली चिप त्या संकेताचं रूपांतर 'पीएम २.५ इतके मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर' अशा आकड्यात करते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान आकाराचे कण.

खरी मेख या शेवटच्या पायरीत आहे. यंत्राने मोजला तो प्रकाश, पडद्यावर दाखवलं ते वजन. मधलं अंतर त्याने गृहीतकांनी भरून काढलं: कण गोल आहेत, त्यांची घनता अमुक आहे, ते प्रकाश अमुक इतका विखुरतात. कारखान्यात यंत्र ज्या धुरावर किंवा धुळीवर जुळवून घेतलं असेल, तसाच धूर समोर असला तर आकडा बरा येतो. धूर बदलला की गृहीतकं चुकतात. यंत्राला मात्र ते कळायचा काही मार्ग नसतो.

याच यंत्रातले पीएम १० चे आकडे तर आणखी सावधपणे घ्यावे लागतात. मोठे कण काटकोनात फार कमी प्रकाश टाकतात आणि छोट्या पंख्याने ते नीट ओढलेही जात नाहीत. बरीच स्वस्त यंत्रं पीएम १० चा आकडा प्रत्यक्ष मोजण्याऐवजी लहान कणांवरून अंदाजानेच काढतात. राईस मिलमध्ये धान साफ करताना आणि भरडताना उडणारी धूळ बहुतांश मोठ्या कणांची असते. तिथे काम करणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारी ही धूळ अशा यंत्राला अर्धीमुर्धीही दिसणार नाही.

मग काळा धूर निसटतो कुठे?

काजळी या यंत्रातून दोन वाटांनी निसटते.

पहिली वाट आकाराची. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांच्या बाबतीत रॅले यांचा नियम फार कठोर आहे. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. कणाचा व्यास निम्मा झाला तर वजन आठ पटींनी कमी होतं, पण विखुरलेला प्रकाश तब्बल ६४ पटींनी कमी होतो. एका मोठ्या कणाऐवजी तेवढ्याच वजनाचे आठ लहान कण हवेत सोडले, तरी प्रकाश आठव्या हिश्श्याइतकाच मिळेल. स्वस्त यंत्रांची माहितीपत्रकं साधारण ०.३ मायक्रोमीटरपासून पुढचे कण मोजतो, असं सांगतात. ताज्या काजळीचे बरेचसे कण त्याहून लहान असतात.

दुसरी वाट रंगाची. कणावर पडलेला प्रकाश एकतर विखुरतो किंवा शोषला जातो. मिठाचा, सल्फेटचा किंवा राखेचा कण जवळपास सगळा प्रकाश विखुरतो. ताज्या काजळीचं उलट आहे. ती जेवढा प्रकाश अडवते, त्यातला साधारण तीन चतुर्थांश गिळून टाकते आणि जेमतेम एक चतुर्थांश बाहेर फेकते. यंत्राचा डायोड बाहेर फेकलेल्या प्रकाशाचीच वाट बघत बसलेला असतो. गिळलेला प्रकाश त्याच्या हिशेबात येतच नाही.

तुसाच्या बॉयलरकडे परत जाऊ. धानाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तूस असतं आणि तूस पूर्ण जळल्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राख उरते. ही राख बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक. ती पांढुरकी, करडी असते आणि प्रकाश उत्तम विखुरते. हवा कमी पडली, तूस ओलं असलं किंवा एकदम जास्त टाकलं तर ज्वलन अर्धवट राहतं आणि काळे कण वाढतात. म्हणजे बॉयलर वाईट चालायला लागला की धुराचा काळेपणा वाढतो आणि त्याच वेळी विखुरण्यावर चालणारं यंत्र दर मिलिग्रॅममागे कमी संकेत द्यायला लागतं. (पांढऱ्या धुरात निव्वळ पाण्याची वाफही असू शकते. चिमणीच्या तोंडाशी पांढराशुभ्र दिसणारा आणि थोडं वर जाताच विरून जाणारा धूर बहुतेकदा वाफेचाच असतो. थेंब आणि कण यांतला फरकही यंत्राला कळत नाही.)

काजळी धरायची तर प्रकाश कसा वापरायचा?

उपाय तसा सरळ आहे. विखुरलेल्या प्रकाशाऐवजी हरवलेला प्रकाश मोजायचा.

याचा सर्वांत जुना अवतार यंत्राविनाच होता. माक्सिमिलियँ रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने १८८८ मध्ये एक तक्ता तयार केला. त्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या क्रमाने गडद होत जाणाऱ्या जाळीच्या चौकटी होत्या. तक्ता डोळ्यांसमोर लांबवर लावायचा, चिमणीच्या धुराशी ताडून बघायचा आणि धुराला ० ते ५ असा क्रमांक द्यायचा. काळ्या धुराचा प्रश्न त्या काळी मुंबईतही पेटलेला होता. गिरण्यांच्या धुराला आवर घालण्यासाठी १९१२ मध्ये मुंबईसाठी वेगळा धूर-उपद्रव कायदा झाला होता.

आज याच कल्पनेचा सगळ्यात ओळखीचा वारसदार म्हणजे डिझेल गाडीची पीयूसी तपासणी. अॅक्सिलरेटर दाबून धूर एका नळीत घेतात. नळीच्या एका टोकाला दिवा असतो आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेन्सर. धुरामुळे किती प्रकाश पलीकडे पोहोचला नाही, त्यावरून आकडा येतो. जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची आणि बीएस-४ गाड्यांना ५० एककांची मर्यादा आहे, ती याच पद्धतीने मोजलेली. डिझेलच्या धुरात काजळी भरपूर असल्यामुळे इथे ही पद्धत चपखल बसते.

हवेतल्या विरळ काजळीसाठी मात्र नळी पुरत नाही, कारण हरवणारा प्रकाश फारच थोडा असतो. त्यासाठी एथेलोमीटर हे यंत्र वापरतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी ते विकसित केलं. पांढऱ्या फिल्टर पट्टीतून हवा ओढायची, पट्टीवर काजळीचा ठिपका जमू द्यायचा आणि ठिपका किती वेगाने काळा होतोय हे प्रकाश आरपार सोडून मोजत राहायचं. काळपटपणाचा वेग म्हणजेच हवेतल्या ब्लॅक कार्बनचं प्रमाण. हे यंत्र अनेक रंगांचा प्रकाश वापरतं, त्यामुळे आणखी एक गोष्ट कळते. डिझेलची काजळी सगळे रंग बऱ्यापैकी सारख्या प्रमाणात शोषते. लाकडाच्या धुरातले तपकिरी पदार्थ मात्र निळा आणि अतिनील प्रकाश जास्त शोषतात. म्हणजे काजळी ट्रकची की चुलीची, याचाही अंदाज बांधता येतो. अडचण एवढीच की हे यंत्र महाग आहे आणि ते प्रामुख्याने संशोधन संस्थांकडेच असतं.

पण या सगळ्यांचा कस शेवटी तराजूवर लागतो. पीएम २.५ चा संदर्भ मानला जाणारा आकडा वजन करून काढतात: फिल्टर कागद आधी तोलायचा, त्यातून २४ तास हवा ओढायची आणि पुन्हा तोलायचा. मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढणाऱ्या नमुना यंत्रातून दिवसभरात २४ घनमीटर हवा जाते. देशाच्या मानकाप्रमाणे दिवसाची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा बरोबर त्या मर्यादेवर असेल तर दिवसाअखेर कागदावर जमेल जेमतेम १.४४ मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! एवढ्याशा वजनासाठी कागद ठरावीक तापमानात आणि ओलाव्यात ठेवून मगच तोलावा लागतो, नाहीतर कागदाने शोषलेलं पाणीच कणांपेक्षा जड भरतं. काम किचकट आहे आणि उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतं. लेझरचं यंत्र मिनिटाला आकडा देतं, म्हणून लोकांना ते हवंसं वाटतं.

तिरोड्याच्या चिमणीत वेगळा पेच

तिरोड्याच्या प्रकल्पात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रवर्गांतल्या उद्योगांना चिमणीत चोवीस तास चालणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. त्यात औष्णिक वीज प्रकल्प येतात. राईस मिलचा त्या १७ प्रवर्गांत समावेश नाही. २०१५ च्या अधिसूचनेनुसार २००४ ते २०१६ या काळात उभ्या राहिलेल्या संचांना धुळीची मर्यादा आहे ५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

चिमणीतली धूळ मोजण्याच्या मान्य पद्धतींमध्ये प्रकाश विखुरण्याची पद्धतही आहे. चिमणीच्या भिंतीतून लेझर आत सोडायचा आणि कणांवरून परत आलेला प्रकाश टिपायचा. इथे मात्र परिस्थिती तुसाच्या बॉयलरपेक्षा वेगळी आहे. मोठ्या बॉयलरमध्ये कोळशाची पूड प्रचंड उष्णतेत आणि भरपूर हवेत जळते, त्यामुळे किलोमागे काजळी फारच कमी तयार होते. चिमणीतून जाते ती मुख्यतः राख, म्हणजे प्रकाश चांगला विखुरणारे खनिज कण. एक किलो इंधनामागे निघणारी काजळी बघितली तर घरातली साधी चूल या महाकाय चिमणीच्या कितीतरी पुढे असते. प्रकल्पाला यावरून स्वच्छतेचं प्रमाणपत्र मिळत नाही. राखेचे कण, सल्फर डायऑक्साइड आणि त्यापासून हवेत तयार होणारं सल्फेट हे प्रश्न उरतातच. पण 'वीज प्रकल्प आहे म्हणजे हवेतली काजळी त्याचीच' हा सोपा निष्कर्ष बरोबर ठरत नाही.

चिमणीतल्या यंत्रालाही वजनाशी जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी चिमणीच्या छिद्रातून नळी आत घालून नमुना घेतात आणि नळीत हवा ओढण्याचा वेग चिमणीतल्या वायूच्या वेगाइतकाच ठेवतात. वेग कमी पडला तर हलके कण वायूबरोबर नळीला वळसा घालून जातात, जड कण मात्र सरळ आत शिरतात आणि आकडा फुगतो. वेग जास्त झाला तर उलटं होतं. अशा वजनांशी यंत्राचे संकेत जोडून एक रेषा काढली जाते आणि पुढचे आकडे त्या रेषेवरून वाचले जातात. कोळशाचा प्रकार बदलला, धूळ पकडणाऱ्या यंत्रणेत बदल झाला की ही रेषा पुन्हा तपासायला हवी. ऑनलाइन आकडा म्हणजे यंत्राने थेट पाहिलेलं सत्य, असा समज सामान्य वाचकाचा असतो. प्रत्यक्षात तो आकडा शेवटच्या जुळवणीइतकाच खरा असतो.

हे नीट केलं तर उपयोग होतो, हे शेजारच्या गुजरातेत दिसलं. सुरतमध्ये २०१९ पासून कापड उद्योगाच्या चिमण्यांवर ऑनलाइन यंत्रं बसवून कणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला. कमी धूर सोडणाऱ्याने आपला उरलेला कोटा दुसऱ्याला विकायचा. अभ्यासात सहभागी कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. जिथे आकड्यावर पैसे ठरतात, तिथे यंत्राच्या जुळवणीकडे कुणी दुर्लक्ष करत नाही.

मोहफुलं, वणवा आणि धुक्याची सकाळ

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळायला लागतात. पालापाचोळ्यात ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची पद्धत आहे आणि ही आग पसरून वणवे लागतात. नवेगाव-नागझिरा परिसरात हा दरवर्षीचा घोर असतो. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला होता.

पाचोळ्याची आग दोन तऱ्हांनी जळते. ज्वाळा असतील तेव्हा काजळी जास्त निघते. ज्वाळा विझून धुमसायला लागली की पांढरा, दाट, डोळे झोंबणारा धूर येतो. त्यात तेलकट सेंद्रिय कण असतात आणि ते लेझरच्या यंत्राला अगदी ठळक दिसतात. कधीकधी गरजेपेक्षा जास्तच ठळक. अमेरिकेत वणव्यांच्या धुराने असेच हजारो स्वस्त सेन्सर वाढीव आकडे दाखवत होते. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने संदर्भ यंत्रांशी तुलना करून दुरुस्तीचं सूत्र काढलं. त्या सूत्रात यंत्राने दाखवलेल्या आकड्याला सुमारे ०.५२ ने गुणतात आणि हवेतल्या आर्द्रतेनुसार आणखी काही वजा करतात. म्हणजे आकडा जवळपास निम्मा होतो. ते सूत्र अमेरिकेतल्या हवेसाठी आहे. गोंदियाच्या धुराला तसंच लावता येणार नाही, त्यासाठी इथल्याच धुरात यंत्र आणि तराजू शेजारी शेजारी ठेवावे लागतील.

आर्द्रतेचा मुद्दा तलावांच्या या जिल्ह्यात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हवेतली ओल ७०-८० टक्क्यांच्या वर गेली की बरेच कण पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि धुक्याचे थेंब तर सरळ कण म्हणूनच मोजले जातात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याच्या सकाळी यंत्राने २५० दाखवले आणि दुपारी ऊन पडल्यावर ९० दाखवले, तर मधल्या फरकातला काही भाग पाण्याचा असू शकतो. महागड्या यंत्रांत हवा आधी गरम करून सुकवतात. स्वस्त यंत्रात ती सोय नसते.

चुलीच्या खोलीत मात्र पेच सगळ्यात अवघड होतो. लाकूड ओलं असेल तर पांढरा धूर, चांगलं पेटलं की भिंती काळ्या करणारी काजळी, आणि एकाच स्वयंपाकात हे आलटून पालटून. फुंकणीने हवा मारली की डोळ्यांना त्रास देणारा धूर कमी होतो, ज्वाला वाढते आणि यंत्राचा आकडाही उतरतो. त्याच वेळी काजळीचा वाटा वाढलेला असू शकतो. 'सुधारित' चुलींची परीक्षा फक्त लेझर यंत्राने घेतली तर भलत्याच चुलीला पहिला नंबर मिळू शकतो.

मग यंत्र घेऊन काय करायचं? एकाच जागी ठेवलेल्या एकाच यंत्राचे चढउतार उपयोगी असतात. संध्याकाळी किती वाजता धूर वाढतो, खिडकी उघडल्यावर किती वेळात उतरतो, गॅसवर स्वयंपाक केलेल्या दिवशी आणि चुलीवर केलेल्या दिवशी फरक किती, हे सगळं त्यातून कळतं. आकडा मानकाच्या वर गेला की खाली, याचा निवाडा त्याच्यावर सोडू नये. ओल जास्त असलेल्या वेळचे आकडे बाजूला ठेवावेत. राईस मिलच्या काळ्या धुराबद्दल तक्रार करायची असेल, तर 'यंत्रावर तर कमीच दाखवतं' हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही.

काजळीसाठी स्वस्त पर्यायही अशक्य नाही. शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये झालेल्या 'प्रोजेक्ट सूर्या'त चुलीजवळची हवा छोट्या पंपाने पांढऱ्या फिल्टरमधून ओढली गेली. काळवंडलेल्या फिल्टरचा रंगपट्टीशेजारी ठेवून साध्या मोबाईलने फोटो काढला आणि फोटोतल्या काळेपणावरून ब्लॅक कार्बनचं प्रमाण काढलं गेलं. लेझर नाही, डायोड नाही. एक पंप, एक कागद, एक फोन आणि रिंगेलमानच्या तक्त्याची आठवण करून देणारी करड्या छटांची एक पट्टी.